थावर सरांचा टामस

एलेनबाई त्या सकाळी जे बोलल्या, ते मी थावर सरांना सांगितलं नाही. दुसरंच सांगितलं. सर शेजारच्याच खुर्चीवर बसले होते, त्यांचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागत होता, आणि मी त्यांच्या तोंडावर दुसरंच सांगितलं. हे आजवर माझ्या बायकोलाही माहीत नाही. मी कमी बोलणारा माणूस आहे असं लोक म्हणतात. बोलायला लागलो की हेच आधी बाहेर येईल, या भीतीनं मी कमी बोलतो, हे त्यांना कसं कळावं?

थावरसिंग राठोड नेरला आमच्या शाळेत इतिहास शिकवायचे. मी इंग्रजी. मी नोकरीवर रुजू झालो त्या दिवशी स्टाफरूममध्ये त्यांनी मला पाहिलं आणि नाव विचारलंच नाही.

"कोणाचा?" म्हणाले.

मी गोंधळून "वानखडे" म्हणालो.

"ते आडनाव झालं. आजोबा कोण्या गावचे? आजी कोणाकडली?"

आजीचं माहेर राळेगावकडे, एवढंच मला सांगता आलं. गाव आठवेना. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी अर्धाच हजर झालो होतो. "घरी इचारून ये," म्हणाले, आणि वर्गावर निघून गेले. मी खरंच विचारून आलो.

सरांचा तांडा नेरपासून सायकलनं जाता येईल एवढ्या अंतरावर. आजोबा तांड्याचे नायक होते. दोन गोर, म्हणजे बंजारा, माणसं भेटली की राम राम झाल्यावर आधी गोत विचारतात, मग गोतातला पाडा, म्हणजे पोटशाखा. ते जुळल्याशिवाय बोलणं पुढं सरकत नाही. सरांनी ही रीत तांड्यापुरती ठेवली नाही. एसटीच्या कंडक्टरला विचारायचे, दवाखान्यातल्या नर्सबाईला विचारायचे. नव्या पोरांना तर शाळेच्या फाटकातच गाठायचे, "केरो बेटा छी तू?" पोरगं बंजारा नसलं तरी त्याला कळायचं की आपण कोणाचे ते सांगायचं आहे.

"माणूस कोण हाय ते मागून," ते म्हणायचे, "कोणाचा हाय ते आधी."

एकदा शाळेच्या तपासणीला एक कडक साहेब आले. मुख्याध्यापक सारखे रजिस्टरं चाळत होते. सरांनी चहाचा कप साहेबांच्या हातात देता देता त्यांच्या आईचं माहेर काढलं. अर्ध्या तासानं असं निघालं की साहेबांच्या आईच्या काकांनी सरांना चौथीत छड्या मारल्या होत्या. साहेबांनी तिथूनच आईला फोन लावला. तपासणी राहून गेली. मुख्याध्यापक नंतर म्हणाले, "राठोड सर, तुमच्या या खोडीनं एक दिवस कोणाचं तरी नुकसान होईल, पण आज शाळा वाचली."

वर्गात त्यांची एक ठरलेली पद्धत होती. वर्षाच्या पहिल्या तासाला पुस्तक उघडायचं नाही. एकेकाला उभं करायचं. "आईच्या आईच्या आईचं नाव काय?" पोरं माना खाली घालायची. मग सर टेबलावर थाप मारायचे, "पणजीचं नाव माहीत नाई, अन् अकबराच्या बापाचं पाठ! इतिहास कायले शिकता बे?" दुसऱ्या दिवशी पोरं कागदाच्या चिटोऱ्यावर नावं लिहून आणायची. झिंगूबाई, सखू, रुखमा, सोमली. सर ती मोठ्यानं वाचायचे, वर्ग उभा राहायचा. मी शेजारच्या वर्गातून ऐकत असायचो.

हीच खोड त्यांच्या मुळावर आली.

अरविंद त्यांचा एकुलता मुलगा. अमेरिकेत नोकरीला गेला, तिथं एक मुलगी त्याला आवडली, लग्न करायचं ठरलं. त्यानं आनंदानं फोन केला. सरांनी सवयीनं पहिला प्रश्न तोच विचारला, "कोणाची?" अरविंदनं सांगितलं, तिलाही माहीत नाही. अनाथाश्रमातून दत्तक गेलेली, जन्मदात्यांचा पत्ता नाही. त्यावर सर बोलून गेले, "जिच्या मुळाचा पत्ता नाई तिले माह्या दारात आणू नको."

अरविंदनं फोन ठेवला, लग्न तिकडेच केलं. पुन्हा केला नाही. सरांनीही केला नाही. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, लेकीकडे दारव्ह्याला जाऊन तिच्या फोनवरून मुलाशी बोलायच्या आणि घरी येऊन काही सांगायच्या नाहीत. सर काही विचारायचे नाहीत. फक्त त्या दिवशी काकूंच्या ताटात भाजी आपल्या हातानं वाढायचे. हे सगळं मला काकूंनी सांगितलं. सर स्वतः या विषयावर एकदाच बोलले. "एक वाक्य जास्त झालं, वानखडे." बस.

सर निवृत्त झाले. त्यानंतर एका दुपारी ते शाळा सुटताना आले आणि त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. भांडणाआधी अरविंदनं पाठवलेला फोटो. सगळीकडे बर्फ, हा जाड कोट घालून हसतो आहे, मागं त्याच्या गल्लीच्या टोकाचं जुनं कब्रस्तान. सरांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. अरविंद चौकटीच्या बाहेर गेला. एक दगड राहिला.

"हा कोण हाय?"

"कोण, सर?"

"माह्या पोराच्या मागं उभा हाय तो."

"सर, ती कबर आहे."

"ते दिसते मले. कोणाची?"

दगडावर नाव होतं थॉमस ग्रीनहॉल. खाली कोरलं होतं, जन्म लँकशायर, इंग्लंड. लँकशायर वाचून सर खुर्चीत ताठ बसले. "अरे, हा तर कापसाचा मुलूख! माह्या पणजोबाचे बैल वऱ्हाडचा कापूस लादून घाट उतरत जायचे, तो कापूस जायचा कुठं? तिकडंच!" मग म्हणाले, "पोरगं परक्या मुलखात राह्यते. शेजारी कोण हाय हे बापाले माहीत नको?"

असा टामस आमच्या आयुष्यात आला. थॉमस सरांच्या तोंडी कधी बसलाच नाही.

शाळा सुटल्यावर कॉम्प्युटरच्या खोलीत आम्ही दोघं बसायचो. घराण्यांची माहिती जमवणाऱ्या वेबसाइट असतात, जुनी जनगणना, चर्चमधल्या नोंदी, जहाजांचे उतारू, सगळं त्यांवर टाकलेलं असतं. सरांना छापील इंग्रजी वाचता यायचं, पण ते हातानं लिहिलेलं शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचं अक्षर मला वाचून दाखवावं लागे. सर पडद्याला नाक लावून बसायचे. टामस कापडगिरणीत सूत कातायचा. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस यायचा बंद झाला, गिरण्या थंडावल्या, लोक उपाशी मरायला लागले. पुढं हा तरुण वयात जहाजात बसला आणि अमेरिकेला गेला. "पाह्य," सर म्हणाले, "त्याचं काम बुडालं तेव्हा आपल्याकडं कापसाले भाव आला. मंग आपल्याकडं आगगाडी आली अन् माह्या पणजोबाचे बैल बेकार झाले. एकाच बोंडानं दोघाईले घरातून काढलं." त्यांना ही सोयरीक फार आवडली होती. ग्रीनहॉल हे गोत मानायचं की पाडा, यावर ते एक दिवस माझ्याशी गंभीरपणे वाद घालत होते.

हळूहळू माझ्या लक्षात आलं की सरांना टामसचं सगळं नको आहे. त्यांना एकच पाहिजे. टामस घरात काही भांडण होऊन निघाला होता असा एका दूरच्या नातलगाचा उल्लेख सापडला होता. भांडण कशावरून ते कोणालाच माहीत नव्हतं. बाप पुढं बरीच वर्षं जगला. मग मधल्या काळात काय झालं?

"आधी हाक कोणं मारली?" सर म्हणाले. "बापानं का पोरानं?"

"त्यानं काय होणार, सर?"

"दाखला पाह्यजे मले." तांड्याचा नसाब, म्हणजे पंचायत बसते, तेव्हा कोणी तरी जुनी अशीच घटना सांगतो आणि मग निकाल होतो. नायकाचा नातू दाखल्याशिवाय पाऊल कसं उचलणार? "बापानं आधी हाक मारली असन, तर मीही मारतो. नाई मारली, अन् त्यानं त्या लोकाईचं काय झालं ते कळलं, तरी मले समजते का करायचं ते. पण कळलं पाह्यजे."

हे मला स्पष्ट शब्दांत सांगितलेलं होतं. मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

वेबसाइटवरून टामसची पणती सापडली. एलेनबाई, ऐंशीच्या पुढच्या. टामसच्या गोष्टी त्यांनी आपल्या आजीच्या तोंडून ऐकल्या होत्या. त्या म्हणाल्या, समोरासमोर बोलू. आपली सकाळ, त्यांची आदली संध्याकाळ, असं ठरलं. सर इस्त्रीचा सदरा घालून आले होते. पडद्यावर बाई दिसल्या तसे उभे राहिले आणि हात जोडले, "राम राम, बाई." बाईंनी तिकडे हात जोडले.

बाई भराभर बोलत होत्या आणि त्यांचे उच्चार सरांना कळत नव्हते. मी ऐकायचो, मग सरांना सांगायचो. सुरुवातीचं मी सगळं खरं सांगितलं. टामसला सुतारकाम आवडायचं. त्यानं थोरल्या मुलाला आपल्या बापाचं नाव दिलं. सर खूष झाले, "बापाचं नाव? मंग राग नव्हता त्याले!"

पुढं बाई म्हणाल्या, टामस जन्मभर बापाच्या शब्दाची वाट पाहत राहिला. टपाल आणायला दुसऱ्या कोणाला जाऊ द्यायचा नाही, म्हातारपणीसुद्धा काठी टेकत स्वतः जायचा. बापाकडून एक ओळ आली नाही. दोघांचीही माती झाल्यावर आजीला त्यांच्या गावाकडचं कोणीतरी भेटलं आणि त्यानं सांगितलं, म्हातारा रोज गल्लीच्या टोकाशी जाऊन बसायचा, अमेरिकेहून परतलेला कोणी दिसला की विचारायचा, माझा टॉम दिसला का? दोघंही वाट पाहत होते. आधी बोलायचं कोणी, एवढ्यासाठी. हे सांगताना बाई रडायला लागल्या.

"ती काहून रडून राह्यली?" सरांनी माझा दंड धरला. "फादर, फादर म्हणते. बाप का?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. इस्त्रीचा सदरा. माझा दंड धरलेली बोटं. आणि मी म्हणालो, "आनंदानं रडते, सर. म्हणते, बापानं फार वाट पाहिली. शेवटी मुलगा आपणहून आला."

एवढंच. वाट पाहणारा एक ठेवला आणि एक काढून टाकला.

मी हे दयेपोटी केलं असं स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. दया होती. पण ती सगळी नव्हती. मी कंटाळलो होतो. रोजच्या संध्याकाळी, ते अक्षर, तो टामस. त्याचा एकदाचा गोड शेवट व्हावा आणि मला घरी जाता यावं, हेही होतं. आणि एक भीती होती. सरांनी फोन केला आणि अरविंदनं तो घेतला नाही, तर त्यानंतरचा सरांचा चेहरा मलाच पाहावा लागणार होता. मी तो चेहरा टाळला.

पण गोष्ट तिथं संपली नाही. बाईंनी डोळे पुसले आणि विचारलं, हे गृहस्थ आमच्या टॉमला का शोधत आहेत? मी दोन वाक्यांत सरांचं आणि अरविंदचं सांगितलं. बाईंनी हात छातीवर ठेवला, सरांकडे पाहिलं आणि सावकाश काहीतरी सांगितलं. त्या म्हणाल्या, त्यांना सांगा, आता थांबू नका म्हणावं. आजच बोला.

"का म्हणते?"

"म्हणते," मी म्हणालो, "धीर धरा."

एक खोटं बोलल्यावर खरं कुठून सुरू करायचं ते मला कळलं नाही. सरांनी पडद्याला पुन्हा हात जोडले, "थँक यू, बाई. लई उपकार झाले."

मग सर धीर धरायला लागले.

टामसच्या परत येण्याची गोष्ट त्यांनी नेरच्या बाजारात सांगितली, लग्नांत सांगितली, पानटपरीवर सांगितली. मला थांबवून थांबवून विचारायचे. कोणत्या दिवसांत आला? मी म्हणालो, हिवाळ्यात. माय होती का? होती. बाप का बोलला? "ते बाईंनी नाही सांगितलं, सर." तेव्हा ते स्वतःच म्हणायचे, "कायले बोलते? बाप बोलत नसते अशा वेळी. ये म्हणते, पाणी देते."

त्यांनी पुढची खोली रंगवून घेतली. आणि मग घरामागं इंग्रजी पद्धतीचा संडास बांधला. तांड्यात तो पहिलाच. पांढरं शुभ्र भांडं नेरहून ऑटोत बसवून आणलं, स्वतः शेजारी बसून त्याला धरून. पोरंसोरं बघायला जमली. एक म्हातारा म्हणाला, "थावर, हे तं खुर्ची हाय! तू नायकाचा नातू, आता इथं बसून नसाब घेतं का?" सगळे हसले, सर सगळ्यांत जास्त हसले. "अरविंदले लागन. अन् सुनेले. तिकडं सवय असते त्याईले." सून हा शब्द मी त्यांच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

संध्याकाळी मला सोडायला रस्त्यापर्यंत आले तेव्हा म्हणाले, "मी म्हटलं होतं तिच्या मुळाचा पत्ता नाई. वानखडे, सात समुद्रापलीकडल्या मेलेल्या माणसाचं मूळ आपुन दोघांनं सापडवलं. तिचं नसतं का सापडलं? अन् नसतं सापडलं तरी का? ती आली की सांगतो तिले, तुह्यं मूळ माह्यापासून धर."

"मग सर, तुम्हीच एकदा फोन करा ना," मी म्हणालो. त्या वेळी मी खरंच म्हणालो.

"नाई. टामस आला आपल्या पायानं. याले येऊ दे. मी हाक मारली तर त्याले वाटन, म्हातारा आजारी पडला, म्हणून बलावते. आपल्या मनानं आलेल्याची गोष्ट वेगळी." आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "दाखला तूच तं आणून देला."

त्या रस्त्यावर मला सगळं सांगता आलं असतं. दोघंच होतो. मी सायकलवर टांग टाकली.

सर गेले ते पुढच्या उन्हाळ्यात. अंगणात बाजेवर बसले होते, काकू पाणी घेऊन येईपर्यंत संपलं. अरविंद पोचला तेव्हा राख सावडून झाली होती. तो एकटाच आला होता. बायकोला घेऊन दारात यायचं नाही, हे बापाचं वाक्य त्यानं त्या दिवशीही पाळलं.

लोक पांगल्यावर तो घरामागं गेला आणि बराच वेळ आला नाही. मी पाहायला गेलो. तो संडासाच्या पत्र्याच्या दाराशी उभा होता. आतलं भांडं नवं कोरं, वर प्लास्टिकचा कागद तसाच.

"हे कोणासाठी, काका?"

"तुझ्यासाठी. तुमच्यासाठी."

त्यानं कपाळ दाराला टेकवलं. पत्रा त्याच्या हुंदक्यांनी वाजत होता. मग तो म्हणाला, "संडास बांधला, काका. मंग एक फोन काहून नाई केला बानं? मले एक हाक मारली असती बानं तर त्याच राती निघालो असतो. मी रोज फोन उशाशी घेऊन झोपलो."

टपाल आणायला काठी टेकत जाणारा टामस मला तिथं दिसला. मी म्हणालो, "स्वभाव असतो एकेकाचा." बापाची बाज अजून अंगणातच होती, आणि मी त्याच्या पोराजवळ दोष बापाच्या स्वभावावर टाकून मोकळा झालो.

पण सर मला आठवतात ते त्याआधीच्या दिवाळीतले. ती शेवटची दिवाळी. त्या दिवशी तांड्यात धबुकार असतो. निखारे अंगणात काढायचे, एकेका पितराचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावानं लापशी आणि तूप निखाऱ्यावर टाकायचं. सरांनी मुद्दाम मला बोलावलं होतं. पागोटं बांधून ते निखाऱ्यांपुढे बसले होते. आजोबा, पणजोबा, त्यांच्याही मागचे, नावं घेत होते, घास टाकत होते, तूप चर्र करत होतं. सगळे संपल्यावर त्यांनी आणखी एक घास उचलला.

"टामस ग्रीनहॉल," म्हणाले, "लँकशायरवाला. बापाकडं परत आलेला."

घरची माणसं हसली नाहीत. घास जळला, गोड धूर माझ्या तोंडावर आला.

एक वाटी मागं राहिली होती. मी विचारलं, ही कोणाची? "अरविंदची," काकू म्हणाल्या. सरांनी ती उचलली, निखाऱ्यांकडे पाहिलं, आणि मान हलवली. "जित्याचा वाटा इस्तवावर नाई टाकत. जिता माणूस येऊन खाते." थोडा वेळ वाटी तशीच हातात धरून बसले. मग ती माझ्याकडे केली. "यंदा तू खा. त्याच्या वाटचं. पुढल्या साली तो हाय."

मी खाल्लं. सर माझ्याकडे पाहत राहिले, जेवणाऱ्या पोराकडे पाहावं तसे.

अरविंदचा नंबर माझ्याकडे आहे. एलेनबाई काय बोलल्या आणि मी काय सांगितलं, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. त्याचा बाप हाक मारायला तयार होता, ती हाक मी अडवली. ती त्याच्यापर्यंत पोचवणं माझ्याकडे राहिलं आहे.